मिठाची पुडी

"मीठ किती गं टाकायचं?"

इशिताने हे विचारलं तेव्हा आम्ही शाळेच्या सायकल स्टँडवर होतो, पत्र्याखाली. सकाळचे साडेदहाच झाले होते, पण सीटवर हात ठेवला की चटका बसत होता. आठवीची परीक्षा संपून चार दिवस झाले होते, निकाल लागायचा होता, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत 'बिनविस्तवाचा स्वयंपाक' ही स्पर्धा होती. गॅस नाही, शेगडी नाही, इस्त्रीवर पापड भाजायचा नाही. (एका वर्षी एकाने तेही केलं होतं.)

"एक चमचा," मी म्हणाले.

"सारणात टाकायचं का वरून?"

मी सायकलचं कुलूप काढत होते. किल्ली लागत नव्हती, म्हणजे लागत होती, मीच वेळ काढत होते.

"सारणातच. सगळं कालवतानाच टाक. मुरायला पाहिजे ना."

"मुरायला पाहिजे," ती म्हणाली आणि निळ्या पेनाने तळहातावर लिहायला लागली.

"घामाने पुसेल," मी म्हणाले. "वहीत लिही."

तिने दप्तरातून वही काढली, दप्तर मलाच धरायला दिलं, आणि सुंदर अक्षरात सगळं लिहून घेतलं. काकडी किती जाड हवी, पोहे किती वेळ भिजवायचे, कैरी किती. मी एकेक खरं सांगत गेले. फक्त मीठ तेवढं खोटं.

"किती चांगली आहेस तू चारू," ती म्हणाली आणि माझा गाल ओढला. "आपण बेस्ट फ्रेंड आहोत, हो की नाही?"

मी मान हलवली. तेव्हा मी बोलण्यापेक्षा मानच जास्त हलवायची. आता मी शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन करते, माईक हातात आला की मुख्याध्यापकांनाही "सर, दोन मिनिटं" म्हणते, पण आठवीतली चारुता झाडे म्हणजे हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही घसा खाकरून घेणारी मुलगी. इशिताला ते माहीत होतं. म्हणून तर ती मला विचारायला आली. चोरी केलेल्या घरीच चोर कुलपाची किल्ली मागायला येतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चोरी सांगते.

माझे बाबा खुल्या खदानीत डंपर चालवतात. कोळशाची खदान म्हणजे नुसता तापलेला काळा खड्डा. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा खाली त्याहून जास्त असतो, आणि डंपरच्या केबिनमध्ये किती ते कोणी मोजत नाही. तिथे शिजवलेली भाजी दुपारपर्यंत आंबते. वरण तर डबा उघडल्याबरोबर फसफसतं. म्हणून खदानीतल्या लोकांनी आपापले उपाय काढलेत. बाबांचा उपाय म्हणजे भरली काकडी.

जाड काकडीचे तीन बोटं लांब तुकडे करायचे. चमच्याच्या दांड्याने आतल्या बिया कोरायच्या, खाली बूड ठेवायचं, की झाली वाटी. मग भिजवून घट्ट पिळलेले पोहे, किसलेली कैरी, कांदा, शेंगदाण्याचा कूट, आईने आदल्या दिवशी कुटलेली जवसाची चटणी, सगळं कालवून त्या वाटीत ठासायचं. चटणीतही मीठ नाही आणि सारणातही नाही. मीठ वेगळं, कागदाच्या पुडीत. जेवायला बसलं की पुडी सोडायची, वरून चिमूट टाकायची, आणि तोंडात. तेव्हा ती काकडी अशी कुरकुरते की शेजारच्या डंपरवाल्यालाही ऐकू जाईल.

"मीठ आधी टाकलं की काकडी रडते," बाबा म्हणायचे. "मग डब्यात नुसतं पाणी."

पुडी बांधायचं काम माझं होतं, दुसरीत असल्यापासून. पहाटे पाचला उठायचं, वर्तमानपत्राचा चौकोन फाडायचा, मीठ घालायचं, घडी आणि वरून पांढरा दोरा. बाबा ती न बघता शर्टाच्या खिशात टाकायचे आणि निघायचे.

सातवीत स्पर्धा जोडीने होती, आणि माझी जोडी इशिताशी लागली. मी तिला घरी बोलावून बाबांचा डबा दाखवला. तिने नाक मुरडलं.

"तुझे बाबा कच्चंच खातात? गाईसारखं?"

मी डबा झाकायला लागले. पण तिने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा, आणि म्हणाली, "हेच करू."

स्पर्धेच्या दिवशी कोरलं मी, पिळलं मी, भरलं मी. इशिताने डाळिंबाचे दाणे आणले होते, ते वर लावले, ताटाभोवती पाकळ्या ठेवल्या. परीक्षक टेबलाजवळ यायच्या क्षणी मी पुडीतलं मीठ वरून टाकलं. इशिता तेव्हा आरशात केस बघत होती. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं.

बाबा आले होते. त्यांनी पाळी बदलून घेतली होती आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी दोन पाळ्या सलग करणार होते, कारण मीच सांगितलं होतं, "बाबा, तुमचा डबा स्टेजवर जाणार आहे." इस्त्रीचा शर्ट घालून चौथ्या रांगेत बसले होते, तेल लावलेले केस चप्प बसवून.

बोरकुटे मॅडमनी माईक पुढे केला. "सांगा मुलींनो, ही कल्पना कोणाची?"

मी तोंड उघडलं. आवाज घशातच होता. इशिताने माईक घेतला.

"मॅम, ही माझ्या पुण्याच्या मावशीची रेसिपी आहे. चारुताने मला खूप मदत केली. सगळ्या काकड्या तिनेच धुतल्या."

टाळ्या. मी चौथ्या रांगेकडे पाहिलं. बाबापण टाळ्या वाजवत होते. सगळ्यांच्या थांबल्यावरही त्यांच्या दोन जास्त वाजल्या.

स्कूटरवर घरी येताना मी मागून म्हणाले, "बाबा, ती खोटं बोलली."

"जाऊ दे न. काकडी काय कोणाच्या बापाची असते का?"

ते हसले. मी त्यांच्या पाठीला डोकं टेकून बसले होते, त्यामुळे हसू पाठीत लागलं. आणि मी मनात म्हणाले, होती. माझ्या बापाची होती.

मग वर्षभर मी थांबले. लोकांना वाटतं, न बोलणारी मुलं विसरतात. आम्ही न बोलणारे कोठीघर असतो. आमच्याकडे सगळं नीट झाकून ठेवलेलं असतं. वर्षभरात मी इशिताला गणिताची वही दिली, तिच्या वाढदिवसाला गेले, तिच्या मावशीचा फोटोसुद्धा पाहिला. आणि आठवीच्या परीक्षेनंतर बोरकुटे मॅडमनी सांगितलं की या वर्षी स्पर्धा एकेकट्याची आहे, आणि पाहुण्या म्हणून येणाऱ्या बाईंनी मागच्या वर्षीच्या पहिल्या बक्षिसाच्या काकडीबद्दल ऐकलंय, त्यांना ती मुद्दाम खायची आहे. तेव्हा इशिता तीच करणार.

मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

"बाबा, उद्या शाळेत या," स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी म्हणाले.

"पुन्हा पाळी बदलू?"

"बदला. या वर्षी मी एकटी आहे."

आई चटणी कुटत होती. "काय करणार आहेस?"

"भरले टमाटे. सारण बाबांचंच. मीठ वेगळं, पुड्यांत."

बाबांनी मान वर केली. "पुड्या? स्टेजवर?"

"हो."

ते उठले आणि चपलांना पॉलिश करायला बसले. चपलांना. आईने माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये टेबलांची रांग होती. नऊला सुरुवात, दहापर्यंत पदार्थ तयार, सव्वादहाला पाहुण्या येणार. माझे आठ टमाटे दहाला पाच मिनिटं असताना भरून झाले. कडक, लाल, टोपी कापलेले. प्रत्येकाशेजारी वर्तमानपत्राची एकेक छोटी पुडी, पांढरा दोरा बांधलेली. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "यात काय आहे, अंगारा?"

"हो. तुला लावू?" मी म्हणाले. ते माझं मलाच नवीन होतं.

दोन टेबलं सोडून इशिता होती. तिच्या काकड्या माझ्यापेक्षा सुंदर दिसत होत्या, खरं सांगते. काचेचं मोठं ताट, मध्ये गुलाब, डाळिंब, पुदिना. तिने मला अंगठा दाखवला. मीही दाखवला.

सव्वादहा झाले. पाहुण्या आल्या नाहीत.

साडेदहा. फोन आला, निघाल्या आहेत. हॉलमधले पंखे गरम हवा नुसती ढवळत होते. पावणेअकराला वीज गेली. पालक वह्यांनी वारा घेत होते. बाबा पुन्हा चौथ्या रांगेत, तोच शर्ट, हात मांडीवर.

मी माझ्या टेबलाजवळ सरळ उभी राहिले आणि इशिताच्या ताटाकडे बघत राहिले. आधी काही दिसलं नाही. मग काकडीच्या कडेला घामासारखे थेंब आले. मग ते थेंब खाली उतरले. मग सारण मध्ये थोडं खचलं, डाळिंबाचा एक दाणा आत बुडाला. इशिताने रुमालाने ताट पुसलं. पाच मिनिटांनी परत पुसलं. मग रुमाल पिळावा लागला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे, बंद पंख्याकडे पाहिलं. मला गार वाटत होतं. पंचेचाळीस डिग्रीत, वीज नसताना, अख्ख्या हॉलमध्ये गार वाटणारी मी एकटीच असेन.

पाहुण्या साडेअकराला आल्या. गोऱ्या, घामाघूम, मोतिया रंगाची साडी. हार झाला, नारळ झाला, आणि त्या थेट म्हणाल्या, "ती काकडी कुठे आहे? मी सकाळपासून काही खाल्लं नाही."

बोरकुटे मॅडम त्यांना इशिताच्या टेबलाजवळ घेऊन गेल्या. पाहुण्यांनी हौसेने एक तुकडा दोन बोटांत उचलला. काकडी लुळी पडली होती. ती मधोमध वाकली, बूड सुटलं, आणि जवसाचं काळपट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून मोतिया साडीवर गेलं.

कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतलं एक बाळ तेवढं हसलं.

"अगं बाई," पाहुण्या म्हणाल्या.

"सॉरी मॅम, सॉरी," इशिता रुमाल घेऊन धावली, पण तो रुमाल आधीच ओला आणि काळा. तिने तो साडीला लावला आणि डाग वीतभर झाला.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उठले होते. पालकांनी टेबलांजवळ यायचं नव्हतं, पण ते आले. त्यांनी खांद्यावरचा स्वच्छ पंचा पाहुण्यांना दिला, ताट एका बाजूला कलतं केलं, पाणी कोपऱ्यातल्या बादलीत सोडलं, आणि रडायला आलेल्या इशिताला हळूच विचारलं,

"मीठ आधी टाकलं का बेटा?"

"हो."

"काहून?"

"मला चारुताने सांगितलं," इशिता म्हणाली. ती आता रडत होती. "मी विचारलं होतं तिला. तिनेच सांगितलं आधी टाक म्हणून. मॅम, मी लिहून घेतलंय, बघा तुम्ही." आणि तिने टेबलाखालच्या दप्तरातून वही काढून बोरकुटे मॅडमच्या हातात दिली.

मॅडमनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. त्यांना सगळं मोठ्याने वाचायची सवय आहे.

"चारुताची भरली काकडी. काकड्या चार, जाड. मीठ एक चमचा, आधी टाकणे, मुरू देणे." त्या थांबल्या. पुन्हा वरची ओळ बघितली. "चारुताची?"

इशिताने वही परत घ्यायला हात पुढे केला.

"मागच्या वर्षी ही तुझ्या पुण्याच्या मावशीची होती ना गं?"

तिने हात मागे घेतला.

"मग मावशीला विचारायचंस. चारुताला कशाला विचारलंस?"

हॉलमध्ये कुजबुज पसरली. खरं सांगते, हे मी ठरवलं नव्हतं. मी फक्त पाणी ठरवलं होतं. वही देवाने दिली. म्हणजे मीच दिली होती, "वहीत लिही" म्हणून, पण इतकं पिकेल असं वाटलं नव्हतं.

मग सगळे माझ्या टेबलाकडे आले. मी पाहुण्यांच्या हातात पुडी दिली. "सोडा आणि वरून टाका. आत्ताच." त्यांनी दोरा ओढला, मीठ टाकलं, टमाटा खाल्ला. दुसरा खाल्ला. वीज परत आली, पहिलं बक्षीस मला मिळालं, आणि बोरकुटे मॅडमनी माईक पुढे केला.

आवाज घशातच होता. पण त्या दिवशी मी हात घालून तो बाहेर ओढला.

"हा पदार्थ माझ्या बाबांचा आहे," मी म्हणाले. "सुरेश झाडे. ते खदानीत डंपर चालवतात. हा त्यांचा रोजचा डबा आहे. पुण्यात कोणी करत नाही."

टाळ्या पडल्या, मोठ्या पडल्या. मी चौथ्या रांगेकडे पाहिलं. बाबा परत जागेवर जाऊन बसले होते. त्यांचे हात मांडीवर होते. तिथेच राहिले.

स्कूटरवर मी बक्षिसाचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन मागे बसले.

"बाबा, ऐकलं ना? मी माईकवर तुमचं नाव घेतलं."

"ऐकलं."

चौक गेला. पाण्याची टाकी गेली.

"तिने मागच्या वर्षी काय केलं तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

त्यांनी एका ट्रकला वाट दिली. मग पुढे बघतच म्हणाले, "खदानीत कोणी नवा माणूस आला न, की पहिल्या दिवशी त्याला डब्याचं सांगतो आम्ही. मीठ वेगळं बांध म्हणून. माझं आणि त्या गेडामचं सहा वर्षं बोलणं नाही, माहीत आहे तुला. त्यालापण मीच सांगितलं होतं. डब्याचं खोटं नाही सांगत कोणी. डबा बिघडला की उपाशी माणूस खड्ड्याच्या कड्यावर गाडी चालवतो."

"ती शाळा आहे बाबा. खदान नाही."

"हो न," ते म्हणाले.

बस, एवढंच. ओरडले नाहीत, आईला सांगितलं नाही, बक्षिसाचा डबा फडताळात नीट पुढे ठेवला. आईने टमाट्याची गोष्ट तीनदा सांगायला लावली, आणि तिन्ही वेळा ते ऐकत बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी उठले. ओट्यावर पुडी बांधून ठेवलेली होती. घडी वाकडी, दोरा दोनदा जास्त गुंडाळलेला. त्यांच्या जाड बोटांची.

"मी बांधली असती," मी म्हणाले.

"झोप. सुट्टी आहे तुला."

अख्खा मे महिना तसाच गेला. मी साडेचारला उठून पाहिलं, पुडी तयार. एकदा चारला उठले. बाबा अंधारात ओट्याशी उभे होते आणि दोरा दाताने तोडत होते. मी परत जाऊन पडले.

जूनच्या शेवटी, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, त्यांनीच हाक मारली. "चारू, पुडी बांध."

मी उडी मारूनच उठले. असा चौकोन फाडला की पट्टीने मोजावा. मीठ, घडी, दोरा. त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात टाकली नाही. दोरा सोडला, कागद उघडला, बोटाचं टोक आत लावलं आणि जिभेला लावलं.

"मीठच आहे बाबा."

"हो न," ते म्हणाले, आणि पुडी परत बांधली. त्यांच्या पद्धतीने, दोन वेढे जास्त.

आता मी दहावीत आहे. इशिता दुसऱ्या तुकडीत गेली, जिन्यात समोर आली की खाली बघते. मी बघत नाही खाली. तिची माफी मी मागितली नाही आणि मागणारही नाही, काकडी माझ्या बापाचीच होती. मोतिया साडीवरचा तो डाग आठवला की अजून मला भर वर्गात हसू येतं.

पुडी मीच बांधते. रोज पहाटे, कागदावर मीठ घेतलं की घडी घालण्याआधी त्यातले चार दाणे उचलते आणि बाबांच्या समोर स्वतःच्या जिभेवर ठेवते. ते तेव्हा बुटांची लेस बांधत असतात, मान खाली घालून. लेस बांधून झालेली असते, तरी बांधत असतात.